चालेल इतकी खोट

बुधवारी जुन्या बाजारात आठशेला घेतली.
विकणारा म्हणाला, वाजते साहेब.
वाजत होतीच.
मोकळी तार खरी बोलायची,
बाराव्या पडद्यावर दाबली की तीच तार
फिरलेल्या साक्षीदारासारखी.

एकतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात
गेज तपासायचो.
शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
की लाल ठिपका, पेटी, भंगार.
चहाच्या सुट्टीत माझ्या बाकावर
दुसरं कुणी बसत नसे.

तेव्हा कॅलिपर काढला, गिटार टेबलावर आडवी.
तार सहाशे पन्नास.
भागिले सतरा पूर्णांक आठशे सतरा:
छत्तीस पूर्णांक अठ्ठेचाळीस, तिथे पहिला पडदा.
उरलेल्याला पुन्हा भाग, तिथे दुसरा.
उरलेल्याला पुन्हा.
असं उरलेलं उरलेलं भागत गेलं
की बाराव्याला तार बरोब्बर अर्धी होते,
हे कागदावर उतरलं तेव्हा
मी उठून पाणी प्यालो.
पडदे चोख होते. चुकली होती घोडी,
दोन मिलिमीटर पुढे चिकटवलेली,
बहुतेक फेविकॉलनं.

दारूवाला पुलाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या मागे
हिदायतचं दुकान. मूळ मिरजेचा.
आजोबा सतारींना पडदे बांधायचे, दोऱ्यानं;
राग बदलला की सरकवायचे, जरा वर, जरा खाली.
"हे ठोकलेले," तो म्हणाला,
"पेठेतल्या भाडेकरूंसारखे. हलायचं नाव नाही."

घोडी त्यानं उखडून मागे नेली.
पाचवा खरखरतोय, मी म्हणालो.
तो पाचव्याकडे बघेचना.
सहाव्यावर नखानं टकटक केलं.
सहावा एका कडेनं उठलेला,
आणि बोंब पाचव्याच्या नावानं.

मग सगळ्यांच्या माथ्यावर काळा मार्कर फासला,
सपाट कानस फिरवली.
शाई गेली ते उंच, राहिली ते खोल.
आम्ही हेच निळीनं करायचो.
मी स्टूल पुढे ओढलं.

पहिल्या तीन पडद्यांवर तारांच्या खाचा,
चौथ्यापासून कोरे.
आधीचा कुणी तीनच कॉर्ड शिकला असणार
आणि धातू झिजेस्तोवर तेवढ्यांपाशीच राहिला.
हिदायत त्या खाचा घासून काढत होता.
थांब म्हणावंसं वाटलं. का, ते कळलं नाही.
म्हणालो नाही.

घरी आलो. मोबाइलवरचा ट्यूनर हिरवा. बारावाही हिरवा.
तरी सा आणि ग एकत्र छेडले
की ग कणभर चढा.
फोन लावला.
"तो तसाच असतो काका. सप्तक बारा जणांत सारखं वाटलंय,
थोडं थोडं खोटं सगळ्यांच्याच वाट्याला."
मग हे रिजेक्ट, मी म्हणालो.
"करा की. हार्मोनियमपण करा मग."
थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागे कानस चालू होती.
"आणि हळू दाबा. पडदे उंच आहेत तुमचे.
तार पडद्याला टेकली की पुरे,
लाकडापर्यंत दाबलीत तर चढणारच."

म्हणजे निम्मी चूक बोटांत.
कॅलिपरचे जबडे उघडून
मी ते बोट मध्ये धरूनही पाहिलं.
चौदा पूर्णांक दोन.
त्यानं काय कळणार होतं?

आता संध्याकाळी बोपोडीत, गॅलरीत बसतो.
काल शेजारी कुलथ्यांच्या कुकरनं शिटी दिली,
सातव्या आणि आठव्याच्या मध्ये कुठेतरी,
जिथे पडदाच नाही.
सातव्यावर बोट टेकवलं, हलकं,
आणि तार आडवी ओढत गेलो,
अजून थोडी, अजून,
बोटाचं कातडं सोलवटलं.
तिसऱ्या शिटीला जुळली.
शिटी थांबल्यावरही मी ती धरून ठेवली.

आतून हेमलता ओरडली,
"अहो, आपण कुठे लावलाय अजून कुकर?"